नुसता डोंगर बघायला

परभणी, ९ डिसेंबर १९७८

आण्णा,

इतक्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, त्याची आधी माफी मागते. रोज झोपण्याआधी वहीत काहीबाही लिहिते, कॉलेजातल्या कुरबुरी, कुणाशी उगाच तोडून बोलले ते, कुणाचं बोलणं मनाला लागलं ते. तुमच्याशी बोलायचं मात्र टाळत आले. बोलायला बसले की एकच प्रश्न विचारावा लागेल, आणि तो मुलीनं बापाला विचारण्यासारखा नाही. आज विचारते. मी तेरा वर्षांची असताना, निजामाच्या राज्यातल्या शेवटच्या हिवाळ्यात, तुम्ही आम्हाला दमणीत घालून जिंतूरच्या पलीकडच्या डोंगरांत नेलं होतं. ते खरंच डोंगर बघायला होतं, की तिकडे माझं लग्न ठरवायचं होतं?

मी तेव्हा परभणीला मामाकडे राहून शिकत होते आणि सुट्टीत गावी आले होते. निघालो ती सकाळ मला नीट आठवते, म्हणजे आठवते असं मला वाटतं. अंगणात दमणी उभी आहे. टपावर नवी चटई बांधली आहे. आत कडबा पसरून त्यावर गोधड्या, मागच्या बाजूला सुतळीनं आवळलेली पाण्याची घागर, खाली कंदील आणि तवा टांगलेला, आणि मधोमध आईची लोखंडी पेटी. भाकरीचं पीठ, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, धाकट्या भावाचं अंथरूण, सगळं त्या एवढ्याशा गाडीत बसवलंय. तुम्ही घरच चाकांवर चढवलं होतं. मी विचारलं, "कुठं जायलोत आपण?" आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी शिंकले असते तरी बरं झालं असतं. "निघताना कुठं म्हनू नाई, कितीदा सांगावं? काम मोडतंय." तुम्ही बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा बघत होता. तुम्ही म्हणालात, "डोंगर बघायला जायलोत." शेजारची म्हातारी दारात उभी होती, तिनंही रिवाज पाळला. "लांबचा पल्ला दिसायलाय," एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्यावरून माझा संशय सुरू झाला.

आपल्याकडे कोण जातं डोंगर बघायला? लोक देवाला जातात, जत्रेला जातात, लग्नाला, मयतीला, आजारी माणसाला भेटायला जातात. तुम्ही सांगितलेल्या वाटेवर ना जत्रा होती, ना आपले पाहुणे. आपला सालगडी कासरा हातात घेऊन बसला होता, त्यालाही ते पटलं नव्हतं. गाव मागे पडल्यावर तो म्हणाला, "मालक, डोंगराला काय बघायचं? त्यो काय पळून जायलाय का?" तुम्ही म्हणालात, "त्यो न्हाई पळायला. आपलीच येळ पळायली." तो म्हणाला, "मग बैलं जरा दमानं घेतो, येळ पळू द्या फुडं." तुम्ही दोघं हसलात. आई हसली नाही. मी दोघांकडेही बघत होते आणि ठरवत होते की कोण मला फसवतंय.

पहिला मुक्काम चारठाण्याला, जुन्या देवळाच्या ओवरीत. आईनं तीन दगडांची चूल मांडली, तुम्ही स्वतः काटक्या गोळा करून आणल्या. घरी तुम्ही पाण्याचा तांब्यासुद्धा हातानं घेत नव्हता. मला त्या काटक्यांचं फार आश्चर्य वाटलं, आणि पाठोपाठ वाटलं की ज्या माणसाला काही लपवायचं असतं तोच असा अचानक चांगला वागतो. तुम्ही मला देवळाचे खांब दाखवत फिरलात, एका खांबावरची नाचणारी बाई दाखवून म्हणालात, "हिच्या पायातले चाळ बघ, दगडाचे हायत, तरी वाजतेत असं वाटतंय." मी चाळ बघितले नाहीत. मी बघत होते की आईनं पेटी उघडली आहे आणि त्यात माझं हिरव्या खणाचं नवं पोलकं आहे. दिवाळी होऊन गेली होती, संक्रांत लांब होती. ते पोलकं कशासाठी शिवलं, मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घाट लागला. हा दिवस लिहिताना माझा हात जरा सैल होतो, आणि म्हणून मी त्याच्यावर सगळ्यात कमी विश्वास ठेवते. चढावर बैलांना ओझं नको म्हणून आम्ही सगळे उतरलो. सालगडी बैलांना बोलत पुढे, तुम्ही धाकट्याला खांद्यावर घेतलेलं, आणि मी चाकामागे दगड लावायच्या कामावर. गाडी थांबली की दगड लावायचा, निघाली की उचलायचा. सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडतात. पळस अजून फुललेला नाही. एका वळणावर खाली सगळा मुलूख दिसतो, ज्वारीची हिरवी-पिवळी शेतं, मध्येच एखाद्या गावाचा धूर. तुम्ही धाकट्याला विचारता, "आपलं घर कंचं, सांग बरं," आणि तो कुठल्याही धुराकडे बोट दाखवतो. झऱ्याशी थांबून आम्ही धपाटे खाल्ले. आईनं पाण्यात पाय सोडले होते. तिला असं पाय सोडून बसलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. मग तिनं मला हाक मारली, डाळीचं पीठ आणि साय कालवून घेतली आणि रानात, त्या झऱ्याकाठी, माझं तोंड चोळायला लागली. मी म्हणाले, "इथं कोण बघायलाय मला?" ती म्हणाली, "गप बस. उन्हानं काळी पडायलीस." तुम्ही पाठ फिरवून बैलांना पाणी पाजत होता. तुमच्या पाठीवरून मला काही कळेना.

पुढे वऱ्हाडाची हद्द, म्हणजे नुकताच इंग्रजांकडून सुटलेला मुलूख, आणि तिच्या अलीकडे निजामाचा जकातीचा नाका. नाक्यावरचा माणूस दमणीभोवती एक फेरी मारून आला, वाकून आत बघितलं, पेटीवर छडी वाजवली. ते दिवसच तसे होते. कोण काय घेऊन कुठं निघालाय, याचा सगळ्यांनाच वहीम. तो म्हणाला, "कहाँ जा रे पटेल, बालबच्चे लेको?" आईनं कपाळाला हात लावला, शेवटी 'कुठं' विचारणारा भेटलाच. तुम्ही जराही न अडखळता म्हणालात, "लड़की कू दिखाने ले जा रऊँ साब. पाऊने देखने वाले हैं." त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, आणि ती मान खाली जाणंच त्याला पटलं असावं. "शादी का मामला है, जाने दो," तो आपल्या माणसाला म्हणाला, आणि तुम्हाला म्हणाला, "लड्डू खिलाना पटेल." नाका मागे पडल्यावर तुम्ही आईला हळू आवाजात सांगितलंत, "असं म्हनलं की कुनी पेटी उघडत न्हाई." आई म्हणाली, "तोंडातून निघालेलं खरं होतंय." तुम्ही काही बोलला नाहीत. आण्णा, मी हे इतक्या वेळा घोळवलंय की तुमचं ते न बोलणं मला आता तुमच्या आवाजापेक्षा जास्त आठवतं.

हद्दीपलीकडच्या त्या घरी आपण एक मुक्काम केला. घरचे काका तुमचे कापसाच्या बाजारातले ओळखीचे. काकू मोठ्या तोंडाळ आणि मायाळू. त्यांचा मुलगा अमरावतीला शिकत होता, घरी नव्हता. मला हिरवं पोलकं घालायला लावलं. काकू म्हणाल्या, "पानी आन वं माय थोडंसं," मी तांब्या घेऊन गेले आणि आले. मग त्यांनी एक पुस्तक हातात दिलं, "वाचून दाखव बरं," मी वाचलं. मग कुंकू लावलं, तोंडात गुळाचा खडा घातला, हातावर खण आणि नारळ ठेवला. बाहेर ओसरीवर तुम्ही आणि काका बसला होता, आणि त्याच सुमाराला मला अडकित्त्याचा आवाज आला.

आता तुम्हीच सांगा, यातून मी काय समजायचं होतं. मुलगी बघतात तेव्हा तिला चालायला लावतात, वाचायला लावतात, पसंत पडली की कुंकू लावून गूळ देतात, आणि बाहेर बापे सुपारी फोडतात. सुपारी फुटली की शब्द गेला. पण पहिल्यांदा घरी आलेल्या कुठल्याही पोरीला कुंकू लावून खण देतातच. शाळेत जाणारी पोर दिसली की वाच म्हणतातच. पाणी सगळ्याच पोरींना आणायला सांगतात. आणि दोन बापे पानाचं तबक पुढ्यात घेऊन बसले तर अडकित्ता वाजणारच. त्या घरात जे घडलं त्यातली एकही गोष्ट अशी नव्हती की जिचे दोन अर्थ होत नव्हते. मी आतल्या खोलीत खण हातात धरून उभी होते आणि माझं लग्न ठरलं की मला खाऊ मिळाला, हे मला कळत नव्हतं.

परत निघालो तेव्हा सालगड्यानं पेटी गाडीत चढवली आणि म्हणाला, "मालकीणबाई, येताना दोघांनी उचलली, आता येका हातानं जायली. काय डोंगराला वाहून आलात का काय?" आई म्हणाली, "तू बैलं हाक." पेटी का हलकी झाली ते मला तेव्हा कळलं नाही. तेव्हा मला वाटलं, माझ्यासाठी आणलेलं सगळं तिथं देऊन झालं. घाट उतरताना तुम्ही मला पुढे आपल्या शेजारी बसवलंत. खालचा मुलूख पुन्हा दिसायला लागला होता. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "साळा सोडायची न्हाई. किती बी शिक. कुनी काई म्हनलं तर माझं नाव सांग."

त्या वाक्यावर मी आयुष्य काढलं, आण्णा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे तितकं मला माहीत आहे. पावसाळ्यात धाडी आणि लुटालूट वाढून गावात राहणं अवघड झालं, तेव्हा तुम्ही आम्हाला त्याच दमणीत, त्याच वाटेनं, त्याच घरी धाडलंत. सालगड्याला कुठं थांबायचं, कुठल्या झऱ्याचं पाणी घ्यायचं, कुठल्या चढाला उतरायचं, सगळं ठाऊक होतं. आईच्या पाटल्या, गोठ आणि चांदीची जड भांडी तिथं काकूंच्या कोठीत आधीच पोचलेली होती. तेव्हा मला उमगलं की हिवाळ्यातली ती सहल म्हणजे पळून जायची तालीम होती. मला फार हलकं वाटलं. म्हणजे लग्नाचं काही नव्हतं, नाक्यावर तुम्ही ठोकून दिलं होतं, पोलकंही त्या बतावणीसाठीच. तुम्ही पिकासाठी मागे राहिलात. भादव्यात तुम्हाला मुदतीचा ताप आला आणि हैदराबाद पडल्याची बातमी आली त्याच सुमाराला तुम्ही गेल्याची आली. आईनं दोन्ही बातम्या एकाच ओसरीवर ऐकल्या. परतल्यावर तिनं मला पुन्हा मामाकडे शाळेत धाडलं, मग औरंगाबादला कॉलेजात. लोकांनी तोंडं सोडली तेव्हा ती म्हणायची, "त्यांनी सांगून ठेवलंय."

मी लग्न केलं नाही. स्थळं आली होती. आई प्रत्येकाला "बघू" म्हणायची, आणि मला वाटायचं ती माझ्या शिक्षणासाठी थांबली आहे. मग मी पंचविशीत असताना एक दिवस काकूंच्या मुलाचं लग्न अमरावतीतल्या मुलीशी झाल्याचं कळलं, आणि आईनं दोन दिवस धड जेवण केलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "पित्त झालंय." तेव्हा मी सोडून दिलं. पुढे, ती अंथरुणाला खिळल्यावर, सरळच विचारलं, "आण्णांनी तिकडं शब्द दिला होता का?" ती छताकडे बघत म्हणाली, "तुझ्या बापाला विचार." दोन वर्षांपूर्वी तीही गेली. आता विचारायला तुम्हीच राहिलात.

गेल्या आठवड्यात जिंतूरला एका लग्नात काकू भेटल्या. पार थकल्या आहेत, तोंड तेवढं तसंच आहे. माझा हात धरून म्हणाल्या, "याद आहे काय वं तुले, म्या तुह्या कपायाले कुकू लावलं होतं?" मी म्हणाले, "आठवतंय काकू. कशाचं होतं ते?" त्या हसल्या. "कशाचं म्हंजे? पोरगी पयल्यांदा घरी आली त मोकया कपायानं धाडतेत काय?" मी हुश्श केलं. तेवढ्यात पुढे म्हणाल्या, "आमच्या पोराले शिकेल बायको पाह्यजे होती. म्या तुह्या बापाले म्हनलं, पोरीले शिकवजो भाऊ, मंग पाहू." मी विचारलं, "मग आण्णा काय म्हणाले?" "काय म्हनते? हासले. तुह्या बापाचं हासनं थे, त्याच्यातून कोनाले काय समजते." आणि त्यांनी नवरीच्या आईला हाक मारून माझ्यासाठी जिलेबी मागवली.

तेव्हापासून मला सुचत नाहीये. काकूंचं बोलणं खरं धरलं, तर घाटात तुम्ही जे वाक्य बोललात, ते माझ्यासाठी होतं की त्यांच्या मुलासाठी? मी शिकले ती तुम्हाला वाटलं म्हणून, की पलीकडच्या घराला सून शिकलेली हवी होती म्हणून? आमच्या आसऱ्याच्या बदल्यात तुम्ही मला देऊ केली होती का? आणि देऊ केली असेल, तरी तशा दिवसांत बायकापोरांना कुठं लपवावं हे बघणाऱ्या बापाला मी दोष देऊ शकते का? हे मी तटस्थपणे मांडायचा प्रयत्न करते आहे. जमत नाही. कधी वाटतं काकू म्हातारपणी गोष्टी जुळवतात. कधी वाटतं मीच जुळवते आहे, कारण मुलगा दुसरीकडे जमला म्हणून उरलेली बाई असण्यापेक्षा बापानं मोकळी सोडलेली मुलगी असणं मला मानवतं.

हे तुम्हाला का सांगते आहे, तेही सांगते. मी शिकवते त्या कॉलेजात दरवर्षी कुणी ना कुणी बाप मुलीचं नाव काढायला येतो. ताडकळसचा, बोरीचा, कुठला कुठला. मी त्याला खुर्ची देते, चहा देते आणि तुमची गोष्ट सांगते. दमणी, घाट, खालचा मुलूख, आणि "कुनी काई म्हनलं तर माझं नाव सांग." निजामाच्या काळात, खेड्यातला, चार बुकं न शिकलेला बाप असं म्हणाला होता, असं सांगितलं की समोरचा माणूस वरमतो. पुष्कळ मुली त्या गोष्टीवर राहिल्या आहेत. नाका आणि कुंकू मी कधी सांगत नाही. एकदा एक बाप उठता उठता म्हणाला होता, "बरंय म्याडम, बीए झाली की नौकरीवाला पाव्हना भेटंल." मला त्याचा राग आला होता. आता वाटतं तो तुम्हाला माझ्यापेक्षा बरा ओळखत होता.

उद्या तसाच एक बाप यायचा आहे. मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे, हुशार आहे, स्थळ आलं आहे. काल दोघं येऊन गेले. त्यांना वेळ नव्हता, परवा येतो म्हणाले. आज दिवसभर मी ठरवत होते की तुमची गोष्ट सांगायची की नाही. खोटी असेल तर ती सांगून मुली थांबवणं हे लबाडीचं काम, आणि खरी असेल तर तिच्यावर संशय घेणं हे त्याहून वाईट.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून शेवटचं लिहिते. काकूंना मी आणखी एक प्रश्न विचारू शकले असते. त्या दिवशी ओसरीवर सुपारी फुटली होती का, एवढाच. त्या तिथंच बसल्या होत्या, जिलेबी येईपर्यंत भरपूर वेळ होता, आणि त्यांनी सांगितलं असतं. मी त्यांना गुडघे कसे आहेत ते विचारलं.

आणखी एक गोष्ट आत्ता, लिहिता लिहिता लक्षात आली. तुम्ही, आई, काका, काकू, नाक्यावरचा माणूससुद्धा, त्या सगळ्या वाटेत माझ्याबद्दल प्रत्येक जण काहीतरी बोलला. मला कुणी काही विचारलं नाही. काल ती मुलगी माझ्या खोलीच्या दाराशी तिच्या वडिलांच्या मागे उभी होती, आणि मी पूर्ण वेळ तिच्या वडिलांशी बोलत होते.

उद्याचं काम: वडील यायच्या आधी मुलीला एकटीला बोलावून तिला काय हवं आहे ते विचारणे.